उठू का?

प्रिय धाकट्या,

नाही, मला कुणी पढवलेलं नाही. तू विचारलं नाहीस, पण वाचता वाचता तुझ्या मनात तेच येणार, म्हणून आधीच सांगून टाकते. विरोधी बाकावरचा कुणी वकील माझ्या दुकानात चहाला आला नव्हता आणि कुणी माझे कान भरलेले नाहीत. माझे कान आता इतके जड झालेत की भरायचे म्हटले तर माणसाला ओरडावं लागेल, आणि मग सगळ्या गल्लीला कळेल. जे लिहितेय ते माझ्याच डोक्यातलं आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या डोक्यातसुद्धा काहीतरी असतं. शुद्धलेखन बघत बसू नकोस. पाट्या रंगवून रंगवून अक्षर वळणदार झालंय, बाकी सगळं होतं तसंच आहे.

सोमवारी तुमच्या घटना समितीचं शेवटचं मतदान आहे आणि तू त्या अटकेच्या कलमाला हात वर करणार आहेस. मी म्हणते, करू नकोस. झालं, एवढंच म्हणायचंय. पुढचं वाचायचं नसेल तर नको वाचूस. पण वाचशील, कारण माझं पत्र न वाचता बाजूला ठेवायची तुझी अजून छाती नाही.

तू निवडणुकीला उभा होतास तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मला शिकवलं होतंस. मी भाजी चिरत होते आणि तू हात हलवून हलवून बोलत होतास, मीठ सांडलंस ते वेगळंच. म्हणालास, ताई, आजवर सरकारनं आपल्याला सांगितलं की तुम्ही काय करायचं नाही. आता पहिल्यांदाच आपण सरकारला लिहून देणार आहोत की बाबा रे, तू काय करायचं नाहीस. मला पटलं ते. तू ज्या चार देशांच्या घटना वाचून आला होतास, त्यांची नावं मी तेव्हाच विसरले, पण हे वाक्य राहिलं. म्हणून गुडघे धरले होते तरी रांगेत उभी राहिले आणि तुला मत दिलं. भाऊ म्हणून नाही दिलं. भाऊ म्हणून फार तर जेवायला वाढलं असतं.

मग तुमचं काम सुरू झालं. झेंड्याच्या रंगावरून तुम्ही जे भांडलात ते मी ऐकून आहे, कारण तुमचा तो हडकुळा कारकून माझ्याकडे रंगांचे नमुने न्यायला यायचा आणि दरवेळी आदल्या दिवशीचा रंग परत करून जायचा. त्याचं मला काही नाही. नवं घर बांधताना माणसं दाराच्या रंगावरून भांडतातच. पुढे तुम्ही ठरवलंत की मसुदा लोकांना वाचता यावा म्हणून चौकात मोठमोठ्या फळ्यांवर रंगवून लावायचा. फार चांगलं केलंत. काम मला मिळालं, आणि तुझ्या वशिल्यानं नाही मिळालं, या गावात इतकी मोठी फळी सरळ रेघेत भरणारं दुसरं कोण आहे?

तर त्या अटकेच्या कलमाची फळी. मी लिहिलं, कुठल्याही माणसाला कारण सांगितल्याशिवाय आणि न्यायाधीशापुढे उभं केल्याशिवाय कोंडून ठेवता येणार नाही. एकच वाक्य. मोठं अक्षर घेतलं, हातभर उंच, काळ्यावर पिवळं, म्हणजे बस थांबायच्या आधीच आतल्याला वाचता यावं. वाळत होतं तेवढ्यात कारकून सायकलवरून आला. म्हणे, बाई, खाली जागा सोडा. मी म्हटलं, कशाला? वाक्य तर संपलं. तर म्हणे, संपलेलं नाहीये, वर चर्चा चाललीय. आठवडाभरानं उरलेलं घेऊन आला. संकटाच्या काळात, सरकारला वाटलं तर, तीन महिन्यांपर्यंत, आणि सरकारला पुन्हा वाटलं तर पुन्हा तीन महिने, आणि कारण सांगणं देशाच्या हिताचं नसेल तर कारण न सांगता. अरे, वरच्या एका वाक्याला खाली पाच वाक्यं! फळीत मावेचना. शेवटी बारीक ब्रश घेऊन मुंगीएवढं अक्षर काढलं. लोक येतात, वरचं मोठं वाचतात, मान डोलावतात आणि जातात. खालचं वाचायला गुडघ्यावर बसावं लागतं. मी कारकुनाला म्हटलं, हे तुमचं वरचं वाक्य म्हणजे दुकानाची पाटी आहे, माल सगळा खालच्यात आहे. तो हसला. चांगला मुलगा आहे, पण हसायचं नव्हतं तिथे.

तेव्हाही मी तुला काही बोलले नाही. म्हटलं, धाकटा आहे ना आत, तो बघेल.

म्हणून गेल्या बुधवारी मी आणि जावई सभागृहात आलो होतो. तुला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू पास पाठवला असतास, गाडी पाठवली असतीस, खुर्चीवर उशी ठेवायला लावली असतीस. आम्ही आपले वरच्या गॅलरीत बसलो, खांबाच्या मागे. जावयाला जिने चढवताना मला घाम फुटला आणि त्याला हसू. म्हणतो, सासूबाई, तुम्ही मला धरलंय की मी तुम्हाला?

आणि मग तू उभा राहिलास. छान दिसत होतास, ते कबूल. कोट कुणी शिवला रे? आणि पहिल्या दमातच तू जावयाच्या पायाचा विषय काढलास. म्हणालास, माझ्या स्वतःच्या भाचीचा नवरा, बस कंडक्टर, साधा प्रामाणिक माणूस, बाजारातल्या बॉम्बनं त्याचा पाय नेला, आणि तुम्ही मला विचारता हे कलम कशाला? टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी तो साधा प्रामाणिक माणूस कुबडी मांडीवर घेऊन बसला होता. हळूच म्हणाला, मामांनी माझा पाय अख्ख्या देशाला दाखवला, तिकीट तरी लावायचं होतं. मी हसले नाही. विचारलं होतंस का त्याला? एकदा तरी? दवाखान्यात फळं घेऊन आलास, फोटो निघाला, गेलास.

आता तू म्हणशील, ताई, ज्यांनी बॉम्ब ठेवला त्यांची बाजू घेतेस का? मी कशाला घेऊ मेल्यांची बाजू. माझी लेक नवऱ्याला आंघोळ घालते रोज, मला काय सांगतोस. त्या आठवड्यात तू स्वतः सहा मयतांना गेलास आणि झोपेत दचकत होतास, हे तुझ्या बायकोनं मला सांगितलंय. घाबरला आहेस तू. घाबरण्यासारखं आहेच. पण परत येताना बसमध्ये मी जावयाला विचारलं, तुला काय वाटतं रे? त्यानं आधी कुबडी सीटखाली सारली. मग म्हणाला, मला ज्यानं बॉम्ब ठेवला तो माणूस हवाय. कुठलाही माणूस नकोय. यावर तुमच्या सभागृहात कुणी काही बोललं का? मी तरी ऐकलं नाही.

पण ते सगळं मी गिळलं असतं. पाय गिळला असता, कलमही गिळलं असतं, आयुष्यभर गिळतच आलेय. तू त्याच्यानंतर बाबांची गोष्ट सांगितलीस, ती मला गिळता येईना.

तू म्हणालास, लोकशाही मी पुस्तकात शिकलो नाही, आमच्या घरात शिकलो. माझे वडील पाट्या रंगवायचे, घरातले कर्ते पुरुष, पण जेवण झालं की आईला विचारल्याशिवाय पानावरून उठायचे नाहीत. रोज विचारायचे, उठू का? ज्या घरात बापसुद्धा परवानगी मागतो, त्या घरातल्या मुलाच्या हाती तुम्ही सत्ता निर्धास्त द्या. असं म्हणालास. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी उठले आणि बाहेर गेले. जावयाला वाटलं मला बाथरूमला जायचंय. मी व्हरांड्यात भिंतीला धरून उभी होते, रागानं. तुझ्यावरचा राग होता की आईवरचा, ते मला आजही सांगता येत नाही.

ऐक आता. तू पाळण्यात होतास. गोदीतल्या कामगारांचा संप चालला होता आणि त्यांच्या मोर्च्याच्या पाट्या बाबांनी रंगवल्या. का रंगवल्या? कुणी रंगव म्हटलं म्हणून. त्याच आठवड्यात त्यांनी पोलीस चौकीची पाटीही रंगवली होती. भर दुपारी दोन माणसं आली. बाबा शिडीवर होते. खाली उतरले, माझ्या हातात ब्रश दिला, म्हणाले, टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेव, आलोच. मी ठेवला. टर्पेंटाइन उडून गेलं, मी पुन्हा घातलं, पुन्हा उडून गेलं.

तेव्हाही हुकूम तीन महिन्यांचाच होता, धाकट्या. संकटाचा काळ म्हणून. तेव्हाही कारण सांगायचं नव्हतं. आई तुला काखेत मारून या कचेरीतून त्या कचेरीत जायची आणि मी तिच्या पदराला. आणि तुला एक सांगते, कुणी वाईट बोललं नाही आम्हाला. सगळे सभ्य. एकानं तुला बिस्किट दिलं. प्रत्येक जण म्हणायचा, बाई, मला वाईट वाटतं, पण हे माझ्या हातात नाही, वर विचारा. वरचा म्हणायचा, खालून कागद आला की बघतो. तीन महिने झाले की पुन्हा तीन महिने. कुणी दुष्टपणानं केलं नाही. कुणाला आठवणच राहिली नव्हती की हा माणूस कशासाठी आत आहे, आणि आठवण ठेवायची असं कुणावर बंधन नव्हतं.

ते परत आले तेव्हा तू चालायला, बोलायला लागला होतास. त्यांना बघून भोकाड पसरलंस. आईनं पान वाढलं. ते जेवले, पान स्वच्छ केलं, आणि बसून राहिले. आई म्हणाली, हात धुवा ना. तर खाली बघून म्हणाले, उठू का?

तिथे विचारल्याशिवाय उठायचं नसे. उठलं की पाठीत काठी. आईला ते समजायला एक क्षण लागला, मग ती म्हणाली, हो, उठा. पहिले काही दिवस ती म्हणायची, अहो, विचारता काय, घर आहे हे. मग त्यांचा चेहरा असा व्हायचा की तिनं म्हणणं सोडून दिलं. ती नुसतं म्हणायची, उठा. मरेपर्यंत म्हणाली.

आणि तू एवढासा, तू त्यांचं बघून म्हणायला लागलास. जेवण झालं की मान खाली घालून, उठू का? शेजारच्या बायकांना केवढं कौतुक! काय वळण आहे मुलाला! आई म्हणाली, आमच्याकडे पद्धतच आहे तशी. मला स्वयंपाकघरात नेऊन दंडाला चिमटा काढून सांगितलं, कुणाला बोलशील तर याद राख, त्यांना मान वर करून जगू दे. त्या दिवसापासून ती आपल्या घरची पद्धत झाली. तू पहिल्यांदा तसं म्हणालास तेव्हा बाबा मोरीवर जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसले होते, ते तुला आठवणार नाही. आजही तू विचारल्याशिवाय पानावरून उठत नाहीस, आणि लोक तुझ्या सुनेला सांगतात की सासऱ्यांकडून शिक, किती नम्र. नम्र! अरे, तो मार आहे. पाठीवरचा मार तोंडात आलाय, आणि तू तो सभागृहात संस्कार म्हणून वाटतोयस, आणि कशासाठी, तर तेच कलम पुन्हा लिहायला.

हे मी तुला कधी सांगणार नव्हते. आई गेली तरी तोंड उघडलं नाही, आणि सोमवार गेला असता तर तसंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण काल तो कारकून तुझा निरोप घेऊन आला. सोमवारचं समारोपाचं भाषण तुझं आहे, बाबांची गोष्ट तू पुन्हा सांगणार आहेस, लोकांना ती फार आवडली, आणि मी पहिल्या रांगेत बसायचं, म्हणजे तू माझ्याकडे हात करशील आणि मी उभं राहून सगळ्यांना सांगायचं की हो, आमच्या घरात असंच होतं. म्हणून लिहिलं हे. मला उभी करशील तर मी उभी राहीन आणि काय होतं ते सांगीन, आणि तुझा तो कोट घालून तू तिथेच उभा असशील. ते नको असेल तर माझी खुर्ची काढून टाक. हाताचं काय करायचं ते तू ठरव, हात तुझा आहे.

फोन करू नकोस, सुनेला मध्ये घालू नकोस, गाडी तर मुळीच पाठवू नकोस. सोमवारपर्यंत मला या विषयावर एक शब्द बोलायचा नाही.

तुझीच, तुझ्याहून तेरा वर्षांनी मोठी,
ताई