निम्मा कोर्स

४ मार्च

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

तुझी हयात तपासणीच्या लॅबमध्ये गेली, म्हणून तुलाच विचारते. दोन वर्षं मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्या, त्यात मला क्लॅमिडिया निघाला. ना दुखतं, ना खुपतं. हे म्हणतात, ऑफिसच्या संडासातून आणलास. सासूबाईंनी माझा कप वेगळा ठेवलाय. डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांच्या चौदा कॅप्सूल दिल्यात आणि यांनाही बोलावलंय. पण हे पडले औषधवाले. आपल्याच गिऱ्हाइकांबरोबर दवाखान्यात कसे बसणार?

रागावलीस तरी माया असू दे.

तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद. त्यातला एकही नवऱ्याला देऊ नकोस.

हा जंतू संडासाच्या भांड्यावरून येत नाही, कपातून तर नाहीच. तो शरीरसंबंधातून येतो. औषधवाल्याला एवढं ठाऊक नसेल तर त्याने बिस्किटं विकावीत. असले रिपोर्ट मी पस्तीस वर्षं लिहिले. शिक्षकांचे, वकिलांचे, भल्याभल्यांचे. सर्रास आढळतो आणि बहुतेकांना पत्ताही नसतो. कोणी कोणाला कधी दिला, हे रिपोर्ट सांगत नाही. लाज आजाराची नाही, तो बायकोच्या गळ्यात मारून नामानिराळं होण्याची. मात्र अंगात राहिला तर गर्भनळ्या खराब करू शकतो. तेव्हा उपचार दोघांनी पुरते घ्या, आणि ते संपेपर्यंत त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

सासूबाईंना कळव, त्यांच्या कपाला धोका नाही.

तुझ्यावर लोभ, बाकीच्यांवर नजर ठेवणारी,
आत्या

१८ जून

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

पुन्हा पॉझिटिव्ह. खोदून खोदून विचारल्यावर ह्यांनी कबूल केलं. औषधाच्या चिठ्ठीवर आपलं नाव नको, म्हणून माझ्याच चौदांतल्या सात ह्यांनी गिळल्या. मला सांगितलं होतं, डोस जड आहे, तुला रोज एक पुरे. दिवसभर लोकांना कोर्स अर्धवट सोडू नका म्हणून बजावणारा माणूस! मी ऐकलं, कारण औषधातलं ह्यांना कळतं.

डॉक्टरीणबाईंकडून दोघांच्या चिठ्ठ्या घेऊन काल ह्यांच्याच दुकानात गेले. गिऱ्हाइकांच्या मागे उभी राहिले. नंबर आल्यावर खणखणीत आवाजात सांगितलं, दोन पूर्ण कोर्स द्या, एक माझा, एक तुमचा. ह्यांनी मान वर न करता पाकिटं पुढे सरकवली.

नळ्यांचं काय झालंय ते अजून सांगता येत नाही. सासूबाई मात्र सकाळीच नातवाचं विचारत होत्या. मी म्हटलं, मूल होईल का ते डॉक्टर सांगतील. तुमच्या मुलाकडून हवंय का, ते मी सांगेन.

तुझा लोभ असाच तिखट राहावा.

तुझी भिंगरी