वैशालीताईंचा रॅम्प, रोहनचा स्टिकर

३ फेब्रु.
फायनली! वैशालीताई हो म्हणाल्या. किती दिवस हडपसरला त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन डोकं खात होते. त्या स्वतः व्हीलचेअरवर, हाताखाली दोघं. व्हीलचेअर थेट रिक्षात चढवायचा फोल्डिंग रॅम्प बनवतात. भारी आयटम, फक्त मधली बिजागरी वाकते. म्हटलं, आमच्या ओपन इनोव्हेशन नेटवर्कवर टाकू, तिथे अडचण सगळ्यांसमोर मांडायची, ज्याला जमेल तो फुकट सोडवतो.
ताई: "फुकट? कोण करतं गं फुकट?"
तीच तर आयडिया आहे!
रोहन (मला नेटवर्कमध्ये त्यानेच आणलं) म्हणाला, फुल डिटेल टाक. व्हिडिओ, मापं, कस्टमर कोण. नाहीतर लोक सिरियसली घेत नाहीत. एका हॉस्पिटलशी ताईंचं बोलणं चालू आहे, तेही नावासकट टाकलं.

१० फेब्रु.
उत्तर आलं!! सदाशिव पेठेतले लेलेकाका, रिटायर्ड इंजिनीअर. डबल बिजागरीचं ड्रॉइंग, चक्क पेन्सिलने. ताईंनी करून बघितलं, चेअरवर सिमेंटची गोणी ठेवून चढवली. रॅम्प हलला पण नाही. ताई एवढ्या हसल्या! रोहनला फोन केला, तो माझ्यापेक्षा खूश.

२४ फेब्रु.
लिहवत नाहीये.
हॉस्पिटलने ताईंना कळवलं, रॅम्प घेतले, दुसऱ्याकडून. फोटो पाठवला. आपलाच रॅम्प. लेलेकाकांच्या बिजागरीसकट. वर निळा स्टिकर, रोहनच्या कंपनीचा. त्याची कंपनी आहे हेच मला माहीत नव्हतं.
फोन केला. "चिल यार. ओपन म्हणजे ओपन. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"
हो. मीच सांगते. शब्द न् शब्द.

२५ फेब्रु.
लेलेकाकांकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"अहो, दार उघडं ठेवलं होतं ते आत येऊन बसायला. पंखा काढून न्यायला नाही."
मग माझ्याकडे बघत, "आणि गिऱ्हाइकाचा पत्ता दारावर आपण चिकटवलात."
नेटवर्कच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. चार-पाच अंगठे. एक जण: 'लेट्स नॉट मेक इट पर्सनल.' पुढच्या मीटिंगचा स्पीकर अजूनही रोहनच.

१ मार्च
ताईंकडे गेले. वेल्डिंग बंद, दोघं मोबाइल बघत बसलेले. ओरडतील असं वाटलं होतं.
"तुला काय बोलू मुग्धा? तू काय त्यात खाल्लंस थोडीच."
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ मार्च
रोहनचा मेसेज. हॉस्पिटलला अजून रॅम्प हवेत, त्याच्याकडे एवढे बनवायला माणसं नाहीत. 'ताई जॉबवर्क करतील का? विन-विन.'
विन-विन!!
ताईंना वाचून दाखवला.
"काम तर पायजे गं. ही दोघं किती दिवस बसणार? स्टिकर त्याचाच का?"
"हो."
"आणि चिकटवायचा आपण."
म्हटलं, नाही म्हणून सांगू का?
"तू ठरव. तेव्हा पण तूच ठरवलंस."
रोहनला ब्लू टिक गेलीय. टाइप केलं, डिलीट केलं. परत टाइप करतेय.