पाठ केलेले शब्द

प्रिय अहो,

तुमचा खोकला कसा आहे? काशीमीऱ्याच्या ट्रकांचा धूर तिथवर पोचत नसेल, म्हणजे बराच असणार. मामंजींचे गुडघे काय म्हणतात? दिनूभावजी तिथेही तोंड फुगवून बसतात की सुधारले? आणि सासूबाई? त्या आता तुम्हाला ओळखतात ना? मेल्यावरही दुखणी सुटत नसतील तर मरून माणसानं मिळवलं काय, म्हणून विचारते.

इकडे प्रकाश बरा आहे. सूनबाई बरी आहे. केतकीच्या डोळ्यांखाली काळं आलंय, पण पोर उभी आहे. माझं काय लिहू ते कळत नाही, म्हणून तर लिहायला बसले. सोमवारी मला केतकीच्या हॉस्पिटलात नेणार आहेत. त्याआधी एक गोष्ट कुणापाशी तरी बोलायचीय, आणि तुम्ही ती इकडची तिकडे करणार नाही.

तुम्ही गेलात तेव्हा नात बारावीत होती. आता मनाची डॉक्टर होतेय. एम.ए. झालं, प्रवेश परीक्षा झाली, मग हे डॉक्टरकीचं लांबलचक शिक्षण. आता शेवटचं वर्ष. सकाळी वॉर्ड, दुपारी पेशंटशी बोलणं, मग ते सगळं लिहून काढून चारचौघांत मांडायचं आणि मोठ्या मॅडमनी ते कांद्यासारखं सोलायचं. घरी आली की प्रबंध. म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर लिहितेय.

शेजारच्या हंसाबेन मला विचारतात, "गोली नहीं देती, सुई नहीं देती, तो डॉक्टर कैसी?"

मी म्हटलं, "लोगों का सुनती है."

"सुनती तो मैं भी हूँ. मेरे को कोई डॉक्टर नहीं बोलता."

"आप सुनके पूरी बिल्डिंग में बाँटती हो, हंसाबेन. वो घर में भी नहीं बताती."

खरंच नाही सांगत. कुणाचं नाव नाही, गाव नाही. जेवताना नुसती गप्प बसते, तेव्हा समजायचं की आज कुणीतरी फार रडलंय.

तर झालं असं. म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायची एक नवी चाचणी तिला शिकायची होती. पेशंटवर करण्याआधी धडधाकट माणसांवर हात बसवतात म्हणे. मला म्हणाली, "आजी, बसशील? नुसता सराव. पास-नापास काही नाही."

पण परीक्षा म्हटली की पास-नापास आलंच, नाही का? प्रकाश पहिलीत असताना त्याच्या पाटीशेजारी बसून अक्षरं गिरवणारी बाई मी. पाठांतराशिवाय मला दुसरं काय येतं? त्यात केतकी आठवडाभर गॅलरीत फेऱ्या मारत सूचना मोठ्यानं म्हणायची, शब्दांसकट. कढई, मोर, खिडकी, शाल, लिंबू, अशी ती यादी. मी आत मेथी निवडत ऐकायची. म्हटलं, उद्या हिच्या मॅडम म्हणतील, हिची आजीच ढ. मग काय, आरती पाठ करतात तसे सगळे शब्द पाठ केले. तिला पत्ता नाही.

रविवारी दुपारी टेबलाशी बसवलं. फोन बंद, समोर घड्याळ. तिचा आवाजच बदलला हो. बँकेच्या खिडकीतली बाई बोलते तशी बोलायला लागली. शब्द वाचले, मी घडाघडा म्हणून दाखवले, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अगं, शाब्बास तरी म्हण."

"म्हणायचं नसतं, आजी. बरं-वाईट काही दाखवायचं नाही, असा नियमच आहे."

मग चित्रं काढली, ठोकळे लावले, आकडे उलटे म्हटले. बरीच गंमत आली. मग म्हणाली, "आता मघाचे शब्द सांग."

मी म्हटलं, "कुठले शब्द?"

अहो, मी थट्टा करत नव्हते. शब्द विसरले असं नाही, शब्द होते हेच विसरले. तिनं थोडी वाट पाहिली. मग मोर आठवला. बाकी अंगण झाडून काढावं तसं साफ. आठवडाभर घोकलेलं.

केतकी कागदावर काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "छान केलंस आजी."

मघाशी तर नियम होता, बरं-वाईट काही दाखवायचं नाही असा.

ती फोन घेऊन गॅलरीत गेली. दार लोटलं होतं, पण मला ऐकू आलं. "मॅडम, मी तिच्या घरात राहते. मला कसं दिसलं नाही?" परत आली ती हसत. म्हणाली, "मॅडम ओरडल्या मला. स्वतःच्या माणसाची चाचणी मी घ्यायलाच नको होती. अशा एका सरावावरून काही ठरत नसतं, आजी. कधी जीवनसत्त्व कमी असतं, कधी थायरॉइड, कधी झोप नसते. मॅडम नीट बघतील."

पण मी पाठ केले होते, हे तिला कुठं माहीत आहे? तिला वाटतंय, आजीनं ते शब्द त्याच दुपारी पहिल्यांदा ऐकले.

तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. परवा संध्याकाळी पालीची मार्था मासळी घेऊन आली. बोंबील मागितले तर म्हणाली, "आजी, सकालीच दिलं न तुला. परत पावणे हायेत काय?" मी हसून हो म्हटलं आणि पुन्हा घेतले. फ्रीज उघडायची हिंमत होईना.

सासूबाई तुम्हाला पोस्टमन समजून विचारायच्या, "माझं पत्र आलं का हो?" आठवतं? आपण म्हातारचळ म्हटलं आणि गप्प बसलो. विचारणार तरी कुणाला? उद्या मी केतकीला विचारलं, "बाळ, तू कुणाची?" तर? दिवसभर लोकांच्या मनाचं ऐकून ती घरी येणार आणि दारात मी असं विचारणार?

तुमच्यावर राग आहे माझा. जिन्यातून ओरडायचात, "गॅस बंद केलास का? किल्ली घेतलीस का?" मला वाटायचं, म्हातारा किरकिरा झाला. तुम्हाला तेव्हाच काही दिसलं होतं का? मग सांगितलं का नाहीत? मला घाबरवायचं नव्हतं म्हणून?

गप्प राहावं असं फार वाटतं हो. पाठांतराचं बोलले नाही तर कदाचित मॅडम म्हणतील, वयोमानानं होतं. पोरीचं वर्ष पार पडेल. बोलले तर केतकी प्रबंध बाजूला ठेवून माझ्या उशाशी बसेल. ती तुमच्यावर गेलीय, ऐकायची नाही. विसरण्याची भीती आहेच, पण माझ्यापायी तिचं राहून जाईल, ही त्याहून मोठी.

पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबतं का? परकी माणसं तिच्यासमोर बसून मनातलं खरं सांगतात. ते कसं ऐकायचं, हेच ती इतकी वर्षं शिकतेय. आणि मी घरातली, तिच्यापुढे पाठ केलेलं म्हणून दाखवते.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. सोमवारी मॅडमनी काही विचारायच्या आत मी सांगणार की ते शब्द मी आठवडाभर घोकले होते, तरी गेले. केतकी तिथेच असेल. तिचं तोंड बघून माघार घेणार नाही. आणि तिलाही तिथेच बजावणार, की माझं काहीही निघो, प्रबंध एक दिवससुद्धा थांबवायचा नाही. आज माझं बोलणं मला कळतंय, तर आजच बजावून ठेवलेलं बरं.

सगळ्यांना नमस्कार सांगा. आणि यावेळी आळस करू नका, उत्तर लवकर धाडा. तुमचं अक्षर मला ओळखू येतंय तोवर.

तुमची,
कुसुम