अनुभवाचा रकाना

दादा, यंदा आपल्याकडं पेरण्या चालू होत्या तेव्हा मी आफ्रिकेत होते. पार खाली, दक्षिणेला, नामिबिया आणि बोत्सवाना या दोन देशांत. एका उंच ट्रकमध्ये बसून आम्ही सोळाजण पंधरा दिवस हिंडलो. संध्याकाळी माळावर तंबू ठोकायचे, विस्तवावर शिजवलेलं खायचं, सकाळी तंबू उपटून पुढं निघायचं. यासाठी लोक वर्षभर रजा साठवतात. तुम्ही आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, जनावरं कुणाची होती? कुणाचीच नव्हती. नुसती बघायची होती.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला ओढून नेलं. बाकीची मंडळी बहुतेक पुण्याची, पन्नाशीच्या पुढची. दुसऱ्याच दिवशी मला त्यांचा वीट आला. त्या प्रवासात ताटल्या धुतल्यावर पुसत नाहीत, हातात धरून हवेत हलवून वाळवतात. शिकलीसवरली माणसं दोन्ही हातांत ताटल्या घेऊन कोंबडीसारखी पंख फडफडवत उभी राहायची आणि पाळीपाळीनं एकमेकांचे फोटो काढायची. आईनं दगडावर पालथी घातलेली भांडी गुपचूप वाळायची. तिचा मेंढ्यांच्या तळावरचा एकही फोटो आपल्याकडं नाही. एक काकू होत्या, त्यांना धूर डोळ्यांत गेला तरी कौतुक. तिसऱ्या दिवशी विस्तवापाशी बसून मला म्हणाल्या, "खरं जगणं हेच गं. आपण उगाच भिंती बांधून बसलोय." मी हसून मान हलवली. मनात आलं, यांना उचलून डोंगरकडा गावाच्या शिवारात नेऊन बसवावं. तिथला शेतमालक लेंड्यांच्या खतासाठी तुम्हाला आर्जवं करून बोलवायचा आणि त्याची बायको आमची घागर हौदात बुडवू द्यायची नाही, पाण्यात लोकर येते म्हणून. त्या भिंतींपर्यंत पोचायला मला किती वर्षं लागली, ते काकूंना काय सांगणार?

पण काकूंचं राहू द्या. निघण्याआधी एक अर्ज भरायचा होता. अर्ज भरताना मी कशी होते ते तुम्ही पाहिलंय, एकेक ओळ तीनदा वाचते. त्यात एक रकाना होता, यापूर्वी तंबूत राहण्याचा अनुभव. मी लिहिलं, नाही. लिहिताना हात अडला, मग माझं मीच समाधान केलं की आपला काही तंबू नव्हता, पाल होतं. चार काठ्या, वर फाटकी ताडपत्री. पालाला तंबू म्हणत नाहीत, म्हणजे खोटं झालं नाही.

तेव्हापासून ती पाचवीच्या प्रवेशाची दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही मला आखाडा बाळापूरला आत्याकडं ठेवून शाळेत घालताय. आपल्या घरात लिहिता येणारं माणूस मी एकटीच, म्हणून अर्ज मीच भरते. कायमचा पत्ता, या रकान्यात मी आत्याचं घर लिहिते. तुम्ही गुरुजींना सगळा अर्ज मोठ्यानं वाचायला लावता आणि तिथं त्यांना थांबवता.

"हे काहून लिव्हलं?"

मी म्हणते, "दादा, आपल्याला घर न्हाई ना."

"घर न्हाई? घर हिंडतं आपलं. हिंडतंय म्हणून काय न्हाई व्हतं का? खोड ते."

गुरुजी समजावतात की राहू द्या, उद्या शाळेचं पत्र कुठं पाठवायचं? तुम्ही म्हणता, "पत्र न्हाई पोचलं तर न्हाई. लेकरू खोटं नको." मी खोडरबर मागून आणेपर्यंत तुम्ही टोपीसुद्धा डोक्यावर चढवत नाही.

तर त्या प्रवासात एका मुक्कामी सगळ्यांनी मोठ्या झाडाखाली, खोलगट मऊ वाळूत तंबू लावले. मी माझा वर, उतारावर लावला, वाऱ्याकडं पाठ करून, आणि खुंट्या दगडानं तिरक्या ठोकल्या. विचार करून नाही, हातांनी केलं. आमचा ट्रक चालवणारा तिथलाच, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाचा. तो बघत उभा होता. जवळ आला, खुंटीवर बुटाचं टोक दाबून पाहिलं, ती हलली नाही. त्याचे वडील शेळ्या राखायचे, असं त्यानं आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, अगदी सहज. त्यानं मला हळूच विचारलं, "तुमच्याकडं शेळ्या होत्या?" आपल्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

मी म्हणाले, "नाही."

तो "बरं" म्हणाला आणि काकूंच्या खुंट्या ठोकायला खाली गेला. मी सबंध प्रवासात ज्यांना हसले, त्यांतल्या एकानंही आपला बाप लपवला नव्हता. माझ्यापाशी पुन्हा एक पळवाट तयारच होती, की आपल्याकडं मेंढ्या होत्या, शेळ्या नव्हेत, तेव्हा उत्तर बरोबरच आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या शाळेतून मी हे शिकले.

हा कागद कुठं टपालात टाकायचा नाहीच, म्हणून राहिलेलं लिहून टाकते. शेळ्या नव्हत्या हेही खरं नाही, दादा. एक होती, पांढऱ्या कानाची. मेंढीचं दूध मला पचायचं नाही, म्हणून तुम्ही ती एकट्या माझ्यासाठी ठेवली होती.