त्या गुरुवारचा शास्त्रपाठ

प्रिय टिटवे,

'प्रिय' लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले. खोडावं की ठेवावं, कळेना. मग म्हटलं, राहू दे, वीस वर्षांची सवय आहे. फोन मुद्दामच केला नाही. तू बोलायला लागलीस की समोरच्याला तोंड उघडायला वाव मिळत नाही, म्हणून तर नर्सिंगच्या वसतिगृहात तुझी टिटवी झाली. पत्रात तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

आधी इकडचं सांगते. मी अजून त्याच रुग्णालयात, त्याच प्रयोगशाळेत, लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढते. मॅट्रन निवृत्त झाल्या. दादाने त्यांना शेवटपर्यंत नमस्कार केला नाही, का ते तुला माहीत आहे. त्याच्या घरी गुरुवारी संध्याकाळी बायबलच्या शास्त्राभ्यासाला आम्ही आठ-नऊ जण जमतो. चर्चचे जुने पाळक लेकीकडे राहायला गेले आणि आमची मेंढरं उधळली. नवे पाळक तीन मंडळ्या सांभाळतात, त्यांना श्वास घ्यायला सवड नाही. दादा म्हणाला, "तुला कॉम्प्युटर येतो ना, मग तूच शोध काहीतरी." मला येतो म्हणजे रिपोर्ट टाइप करता येतात, एवढंच. पण दादाला नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

महिनाभर जेवणाच्या सुट्टीत शोधत बसायचे. एका ठिकाणी आधी नाव, पत्ता, जन्मतारीख मागायचे. दुसरीकडे मराठी अशी, की आमच्या म्हाताऱ्या टेलरमामांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, हे आपल्यासाठी आहे की देवदूतांसाठी?" एक पान उघडताच मोठ्याने ऑर्गन वाजायला लागला आणि बाहेर रांगेत बसलेले पेशंट दचकून उभे राहिले. मग एक दिवस ते पान सापडलं. दर आठवड्याचे नेमलेले उतारे, जुन्या करारातला एक, एक स्तोत्र, एक पत्र, एक शुभवर्तमानातला. खाली साध्या घरगुती भाषेत दोन पानं विवेचन आणि शेवटी चार प्रश्न. लिहिणारीचं नाव नाही, नुसतं 'एक सेविका'.

टिटवे, ते वाचताना मला बरं वाटायचं गं. कुणीतरी ओळखीचं बाजूला बसून बोलतंय असं वाटायचं. मी दर बुधवारी नऊ प्रती छापून गुरुवारी न्यायचे. घरी दोन-दोन महिने तोंड न उघडणाऱ्या टेलरमामी प्रश्नांची उत्तरं द्यायला लागल्या. मी त्या सेविकेला आभाराची मेल पाठवली. माझ्या नावाने, रुग्णालयाच्या नावासकट, दादाच्या घरी जमून वाचतो हेही लिहून. उत्तर आलं, 'आपल्या गटाला देवाचा आशीर्वाद असो. – सेविका.' मी ते दादाला वाचून दाखवलं, जणू मला बक्षीसच मिळालं होतं.

पुढच्या महिन्यात बापाकडे परतणाऱ्या उधळ्या पुत्राचा दाखला आला. त्या आठवड्यात एक सहकारी आजारी पडली, मला दोघींचं काम पडलं. पान छापलं पण आधी वाचलं नाही. दादाच्या बैठकीत सगळे गोल बसले होते. मी मोठ्याने वाचत गेले. 'माझी एक मैत्रीण परिचारिका आहे. तिच्या घड्याळजी वडिलांनी तिच्या नवऱ्याला दारातून परत पाठवलं, म्हणून चार वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही. वडील शेवटच्या घटका मोजत असल्याचा निरोप आला. तिने तिकीट काढलं, स्टेशनवरच्या बाकावर बसली आणि समोरून गाडी जाऊ दिली…'

मला थांबता आलं नाही, मी वाचतच राहिले. पुढे तू लिहिलं होतंस, की तिला पश्चात्ताप झाला, तिने पुढची गाडी धरली, ती वेळेवर पोचली आणि वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गावी राहायला जाण्याआधी बाबांचं दुकान इथेच होतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ कधी ना कधी आमच्या बाबांनी उघडलेलं होतं. टेलरमामा म्हणाले, "हा तर आपल्या घड्याळजींसारखाच दिसतोय." दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "शेवट खोटा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सुरुवात खरी आहे का?"

अकरा वर्षं मी त्याला सांगत आले होते, की मॅट्रनने रजा दिली नाही. मी म्हटलं, "हो." तो उठला. पाहुण्यांच्या खुर्च्या एकावर एक रचून आत ठेवायला लागला. लोक अजून बसलेलेच होते.

ती बाकाची गोष्ट या जगात मी एकाच माणसाला सांगितली होती. आपल्या रुग्णालयाच्या मागच्या जिन्यावर, दुपारी, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून. माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. तू म्हणाली होतीस, "माझ्या पोटातून बाहेर येणार नाही." तुझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यापुरतं आहे, असा माझा समज होता. आणि माझी मेल मिळाल्यावर लिहिलंस, याचा उलगडा मला अजून होत नाही. तुला माहीत होतं की मी वाचते. तुला माहीत होतं की दादाच्या घरी वाचते. परक्याला निरोप द्यावा तसा 'देवाचा आशीर्वाद' लिहून पाठवलास आणि पुढच्याच महिन्यात मला नऊ जणांपुढे माझ्याच तोंडून उघडं पाडलंस. त्यातही जे मला मिळालं नाही, तेच परस्पर देऊन टाकलंस. तुझ्या वाचकांचं समाधान व्हावं म्हणून बाबांचा हात माझ्या डोक्यावर ठेवलास. मी रोज तो हात नसल्याचं ओझं घेऊन उठते गं.

दादा तीन आठवडे बोलला नाही. गुरुवार बंद पडले. मग एका सकाळी तो साखर तपासायची चिठ्ठी घेऊन आमच्या रांगेत येऊन बसला. नंबर आल्यावर बाही वर केली आणि माझ्याकडे न बघता हळूच सांगितलं, शेवटच्या दिवशी बाबांनी काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं. मी हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवली. शेजारच्या मुलीला बोलावून त्याचं रक्त काढावं लागलं. दादा तिला म्हणाला, "आमच्या ताईसाहेब आज सुट्टीवर आहेत." अकरा वर्षांनी आम्ही दोघं एकदम हसलो आणि एकदम रडलो, रांगेतल्या लोकांच्या देखत.

काल गटाच्या नावाने सेविकेची मेल आली. वर्षभराच्या पाठांचं पुस्तक निघतंय, आमच्या गटाने चार शब्द अभिप्रायाचे लिहावेत, अशी विनंती. हे पत्र त्याचं उत्तर आहे. तो पाठ पुस्तकात घालू नकोस, पानावरूनही काढ. दुरुस्त करून ठेवते असं म्हणू नकोस, कारण दुरुस्त करायला खरा शेवट लागतो. तो मला दादाने सांगितला. पूर्वी असतं तर तुला पहिल्यांदा सांगितला असता. आता सांगणार नाही.

कधीकाळची तुझीच,
सुई