गोदामाचं कलम

आई, तुझ्या त्या ठरावाबद्दल आपण दोघी कधी धड बोललोच नाही. बायकांसाठी राखीव झालेल्या वॉर्डातून तू साताऱ्यात नगरसेविका झालीस, तेव्हा मी शाळेत होते. आपल्या घरात राजकारण कुणालाच माहीत नव्हतं. पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं तुला उभं केलं. तू त्यांना भाऊ म्हणायचीस. सांगतील तिथं सही करणारी बाई त्यांना हवी असावी, आणि सुरुवातीला तू तशीच वागलीस. मग एका पावसाळ्यात खालच्या आळीतलं गटार तुंबलं आणि घाण पाणी एका बाळंतिणीच्या खोलीत शिरलं. मला अजून दिसतं : सफाई कामगार गटारातून प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांचे बोळे ओढून काढतो आहे, बाळंतीण लेकराला घेऊन कॉटवर बसली आहे, आणि तू दारात, भिजल्या साडीनं, नुसती उभी आहेस.

असल्या पिशव्यांवर बंदी घालायचा ठराव मांडायचं तू ठरवलंस. आधी मला घेऊन मंडईत गेलीस. मेथीच्या जुड्या लावणारी म्हातारी म्हणाली, "आवं बाई, पिशवी न्हाई म्हणलं की गिऱ्हाईक फुडं जातंय. आमी काय हौसेनं इकत आणतोय व्हय? आदी पेठंतल्या गोदामाला कुलूप लावा, मग आमाला सांगा." ते गोदाम भाऊंचं होतं.

तू ठरावात गोदामांवरच्या जप्तीचं कलम घातलंस. दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आले. तू पोळ्या लाटत होतीस, ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, मंडईतल्या बायकांना दंड करा, माझी हरकत नाही. तेवढं गोदामाचं कलम काढा."

"त्यांच्याकडं चार पिशव्या सापडणार, भाऊ. पोती तुमच्याकडं आहेत."

"पुढच्या वेळी तिकीट लागेल तुम्हाला."

"चहा ठेवू?" तू विचारलंस. ते चहा न घेता गेले.

ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. भाऊंच्या गोदामातली पोती पालिकेच्या ट्रॅक्टरवर चढली, तेव्हा अख्खी पेठ बघायला उभी होती. काही महिने गटारं वाहती राहिली. मग पिशव्या दुसऱ्या वाटेनं येऊ लागल्या आणि जप्ती करणारे साहेबही बदलून गेले. पुढच्या निवडणुकीत भाऊंनी आपल्या सुनेला तुझ्यासमोर उभं केलं. तू हरलीस.

नातेवाईक अजून म्हणतात, तू खचली होतीस. मला तसं दिसलं नाही. निकाल लागल्यावर तू घरी आलीस, थालीपिठं लावलीस, माझ्या शेजारी बसून खाल्लीस आणि कॉलेजात काय चाललंय ते विचारलंस. किती दिवसांनी विचारत होतीस. बाहेरच्या खोलीत बाबा लोकांची समजूत काढत होते. आत मला मात्र तू हरल्याचं बरं वाटत होतं, आई. तू आज समोर असतीस, तरी हे मी तुला सांगितलं नसतं.