चोवीस नंबरचा चोर

१ जून, सोमवार
आजपासून देवळीचं नेट माझ्या हातात. मालक बंडूजी सकाळी म्हणाले, नीलेश आठवडाभर पुलगावकडे केबल टाकायले जाऊन राह्यला, आदेश, तवरिक स्विचचा पासवर्ड तुले देतो. नुसता पाहत राहजो, हात लावू नको. म्हणजे चार्ज दिला. भरवसा नसता तर पासवर्ड कशाला दिला असता?

स्विच म्हणजे चोवीस भोकांचा डबा. एकेका भोकातून एकेका घराला, दुकानाला, गल्लीला नेट जातं. संध्याकाळी सगळे एकदम मोबाइल घेऊन बसले की ते रांगायला लागतं, आणि लोक फोन करून बंडूजींचा उद्धार करतात.

सेवाग्राम रोडला नवं ऑफिस उघडणार आहे. इन्चार्ज कोण, ते बंडूजी रविवारी सांगणार. त्या दिवशी त्यांच्या जावयाचं धोंड्याचं जेवण, सगळे पाहुणे असतील. नीलेश नाहीतर मी. नीलेशकडे डिप्लोमा आहे. माझ्याकडे डोकं आहे. दहावी राहिली ती गणितामुळे.

निश्चय: तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. रोज अभ्यास.

तळेगावला आईला फोन केला. इन्चार्ज झालो म्हणून सांगितलं. ‘होणार’ म्हणायचं राहून गेलं.

२ जून, दुपारी
रेट शेपिंगचा व्हिडिओ पाहिला. लांबलचक आहे. सुरुवात आणि शेवट पाहिला, मधलं आपोआप समजतं. कोणत्या भोकाने किती वेगाने ओढायचं ते ठरवून द्यायचं, बस. घरी संत्र्याच्या बागेत ड्रिपचे कॉक मीच फिरवायचो. वरून मोठा पाइप येतो, खाली नळ्या, ज्या ओळीला जेवढं पाहिजे तेवढं सोडायचं. हे तेच. डिप्लोमावाल्यांनी त्याला इंग्रजी नाव दिलं.

खर्रा एकच खाल्ला. अभ्यासाने डोकं जड झालं होतं.

३ जून
वेग वाटून टाकला. बंडूजी हात लावू नको म्हणाले होते, पण करून दाखवल्याशिवाय कोणी इन्चार्ज करतं का?

व्हिडिओतला माणूस म्हणतो, वापर पाहून ठरवा. त्याला आपल्याकडचं मानपान काय माहीत. मी पंगतीसारखं लावलं. अधिक महिना चालू, म्हणून पहिला मान जावईबापूंचा. प्रफुलराव पुण्याच्या कंपनीत आहेत, सध्या सासऱ्याच्या घरूनच लॅपटॉपवर काम करतात. त्या घराला शंभर एमबी. पतसंस्थेच्या अध्यक्षांना पन्नास. त्यांच्या विरोधकांना पंचेचाळीस, उगाच बोलणं नको. बाकी जनतेला पाच-पाच. रुख्माबाईंच्या खानावळीला एक. तिथे लोक जेवायला येतात, नेट पाहायला नाही.

४ जून
मी रुख्माबाईंकडेच जेवतो, हे काल लक्षात आलं नाही. म्हणाल्या, काऊन रे बापू, माही सिरियल कालपासून नुसती गोल-गोल फिरून राह्यली. वरण पाण्यासारखं वाढलं. दुपारी त्यांना दहा केले. रात्री वांग्याच्या भाजीवर तर्री तरंगत होती, वर ठेचा. शेपिंग म्हणतात ते हे.

६ जून, शनिवार
प्रफुलराव स्वतः ऑफिसात आले. म्हणाले, आदेश, संध्याकाळी अजून स्लोच आहे, उद्या दुपारी कंपनीचं मोठं काम आहे माझं, अडकायला नको. माझं नाव त्यांच्या लक्षात आहे. दोनशे केले.

आणि मग शोध लागला. चोवीस नंबरचं भोक सगळ्यात जास्त ओढतं. सगळं गाव मिळून जेवढं, तेवढं एकटं. बाकी सगळ्यांवर नावाची चिठ्ठी, यावर नाही. केबल भिंतीतून सरळ बाहेर गेलेली. म्हणूनच गावाला नेट पुरत नाही. केबली लावतो कोण? नीलेश. मित्रांना फुकट देत असणार.

त्याला फोन करून विचारावं वाटलं. पण चोराला विचारून कोणी चोरी पकडतं का?

खर्रा दोन. तपासाचं टेन्शन.

७ जून, रविवार, सकाळी
चोवीसला एक एमबी लावला. पूर्ण बंद नाही केलं, आपण दयाळू. स्क्रीनवरच्या सगळ्या रेषा एकदम खाली आल्या. कोणीच जास्त ओढत नाही. एवढी शांती या स्विचवर कधी नव्हती.

ऑफिसचा फोन सारखा वाजतोय. कौतुकाचे असतील. आधी शर्टला इस्त्री.

दुपारी, बंडूजींच्या घरी
प्रफुलराव लॅपटॉप घेऊन छतावर गेले, अंगणात गेले, परत आत आले. जावई बसत नाही म्हणून पंगत बसत नाही. धोंडे थंड होत आहेत. बंडूजी म्हणे, नेट काऊन नाई चालून राह्यलं? मोबाइलवरून जावईबापूंना पाचशे केले. मग हजार. फरक नाही. लॅपटॉप जुना असेल, असं सुचवलं. सुचवायला नको होतं.

फाटकाशी माणसं जमली. पतसंस्थेचे अध्यक्ष आणि विरोधक एकाच मोटरसायकलवर आले. हीच वेळ, म्हणून मी सगळ्यांसमोर सांगितलं की चोर सापडला आहे, चोवीस नंबर, आणि नीलेशकडे पाहिलं.

नीलेश पुलगावहून जेवायला आला होता. हळूच म्हणे, चोवीसले काय केलं तू? म्हटलं, एक एमबी. त्याने हातातली पत्रावळ खाली ठेवली. म्हणे, अरे बाप्पा, त्याच्यातूनच तर नागपूरहून नेट येते. तेच वाटते मग साऱ्या गावात.

मोठा पाइप. बागेतला. तेव्हाच का नाही आठवला?

९ जून, मंगळवार
पासवर्ड बदलला. नव्या ऑफिसचा इन्चार्ज नीलेश. मलाही तिकडे नेणार आहेत, केबलींवर चिठ्ठ्या लावायला. बंडूजी म्हणे, अक्षर तेवढं चांगलं आहे तुह्यं. तेवढं खरं आहे.

आईचा फोन आला. तळेगावात पेढे वाटून झाले. म्हणे, इन्चार्जले काम काय असते रे बापू? सांगितलं, कोणत्या केबलीला काय म्हणायचं ते मी लिहिल्याशिवाय तिथे काही हलत नाही. म्हणे, जपून करजो.

पहिली चिठ्ठी आजच लिहिली. मजकूर नीलेशने सांगितला: चोवीस नंबर, हात लावू नये. ठळक लिहिलं. सही करायला त्याने सांगितलं नव्हतं, ती मी केली.